माळ्यावर गोळ्या ठेवून झोपायचं नसतं, मामा

अमळनेरला मामांच्या धाब्याच्या घरात माळ्याची खोली करायला घेतलीय. मिस्त्रीने पीओपीचं छत सोडवलं, तर मागच्या तुळईतून मैद्यासारखं पीठ गळतंय. लाकूड पोखरणारा भुंगा. आणि त्याच संध्याकाळी नातेवाइकांच्या ग्रुपवर मेसेज हजर: 'धान्यात ठेवतो त्याच पाच-सहा गोळ्या माळ्यावर ठेवा, दार लावा, सकाळी किडा साफ. नाहीतर रॉकेल मारा. सागाला भुंगा लागत नाही. आपल्या खान्देशच्या उन्हात तर तो आपोआप मरतो.' मामांनी गोळ्यांचा डबा आणलाही. मी ओरडलो तर म्हणे, "काय व्हस रे भाऊ, दादरमा ठेवतसच ना आपन!" म्हणजे काय होतंय, ज्वारीत ठेवतोच ना आपण.

काय व्हस ते ऐका. त्या गोळ्या म्हणजे अॅल्युमिनियम फॉस्फाइड. हवेतला दमटपणा लागला की फॉस्फिन सुटतो. हा वायू हवेपेक्षा जरा जड. खाली यायला त्याला जिना लागत नाही, माळ्याच्या लाकडी कड्यांमधल्या फटी पुरतात, आणि खाली मामी नातवंडांना घेऊन झोपते. यावर उतारा नाही. डॉक्टर फक्त श्वास आणि रक्तदाब सांभाळत बसतात. 'वास आला की बाहेर पडू' हेही नको, शुद्ध फॉस्फिनला वासच नसतो. केंद्र सरकारच्या निर्बंधित कीटकनाशकांच्या यादीत हे औषध आहे: विक्री फक्त सरकारी संस्थांना आणि पेस्ट कंट्रोलवाल्यांना, तीही तज्ज्ञांच्या देखरेखीखाली. मामांच्या हाती ते कसं पडलं, हे रडगाणं वेगळं.

बरं, एवढं करून भुंगा तरी मरेल? धान्य ताडपत्रीखाली हवाबंद करता येतं. धाब्याच्या घरात वायू कोंडणारच नाही. शिवाय वायू गेला की लाकडात काही उरत नाही. नवा भुंगा पुन्हा अंडी घालायला मोकळा.

रॉकेल? वायरिंग चालू असलेल्या माळ्यावर? पुढे.

सागाचं अर्धं खरं आहे, मान्य. गाभ्याला भुंगा सहसा तोंड लावत नाही. पण सालीलगतचा फिकट पट्टा तो आवडीने खातो, आणि मामांच्या तुळईला तोच पट्टा एका बाजूने राहिलाय. पेचकस टेकवला तर अर्धा इंच आत गेला. गाभ्यावर मात्र खणकन वाजला.

उन्हाचंही तसंच. उष्णतेने अळी मरते, पण लाकूड आतपर्यंत पंचावन्न अंशांच्या आसपास तापावं लागतं. आपल्या पूर्वजांनी खारी माती टाकून धाबं घातलं, त्याने घर थंड राहतं, आणि तुळई नेमकी त्या मातीखाली आहे.

मग करायचं काय? आधी छतातली पाण्याची गळती बंद. पोखरलेलं तासून काढायचं, रंग-व्हार्निश खरवडून लाकूड उघडं करायचं, मग बोरॅक्स-बोरिक अॅसिडचं पाणी ब्रशने दोन-तीनदा पाजायचं. रंगावरून मारलं तर आत मुरत नाही, आणि पावसाचं पाणी लागलं तर धुऊन जातं. भोकं मोजत बसू नका, ती भुंगा बाहेर पडल्याची खूण. ताजं पीठ पडतंय का, ते बघा.

गोळ्यांचा डबा न उघडता परत गेला. तुळईखाली काळा कागद अंथरलाय, मामा रोज सकाळी त्याचा फोटो पाठवतात. कालच्या फोटोत तीन ठिपके होते.