भुतं मोजताना

ऑक्टोबर उजाडला, हॅलोविन हा अमेरिकेतला भुताखेतांचा सण जवळ आला, की माझ्या उजव्या हाताची पाच भुतं होतात. वर्गातल्या तक्त्यावर तसं रीतसर लिहिलेलंच असतं. साडेनऊला पाच बोटं म्हणजे पाच भुतं. दहाला दोन्ही हात मिळून एक कोळी. जेवणाआधी दोन मुठी जोडून भोपळा, आणि दुपारी झोपवताना अंगठ्यात अंगठा अडकवून वटवाघूळ.

न्यू जर्सीतल्या एका डे-केअरमध्ये चार वर्षांच्या मुलांच्या वर्गात मी मदतनीस आहे. त्याआधी बावीस वर्षं मिरजेत एका बँकेत कॅश काउंटरवर होते. "मुलं सांभाळायचा अनुभव?" असं मुलाखतीत विचारलं, तेव्हा मी सांगितलं, "पेन्शनच्या दिवशीची रांग सांभाळली आहे." लगेच घेतलं मला. वर्गातली एक मराठी मुलगी मला काकू म्हणाली. इथे बाईंना 'मिस' म्हणतात. तेव्हापासून बारा मुलांची, त्यांच्या आईबापांची आणि पिझ्झा पोचवणाऱ्या माणसाचीही मी 'मिस काकू' आहे.

बोटांची गाणी ही आमच्या धंद्यातली हत्यारं. जेवण यायला पाच मिनिटं आहेत आणि बारा मुलांकडे चोवीस हात मोकळे आहेत, ही परिस्थिती स्फोटक असते. अशा वेळी हातांना काम द्यावं लागतं. भुतं एकेक करून उडाली की वजाबाकी होते, बोटं वळतात आणि मुख्य म्हणजे शेजाऱ्याचे केस सुटतात. हे कुणा अमेरिकन बाईचं डोकं असेल असं मला वाटायचं. पण किंडरगार्टन हा शब्द ज्याने दिला त्या जर्मन फ्रॉबेलने १८४४ सालीच आयांसाठी गाण्यांचं पुस्तक काढलं होतं, आणि त्यात बोटांचे खेळ होते. आमच्या आज्या नातवंडांच्या तळहातावर मोर बसवून त्याला दाणापाणी देतच होत्या. त्यांनी छापलं नाही, एवढंच.

तर मला हे जमायला हवं होतं. ज्या बोटांनी शंभराची गड्डी डोळे मिटून मोजली, त्यांना पाच भुतं जड का जावीत?

गेली. कारण माझी बोटं मराठी आहेत. इथलं मूल 'एक' म्हणताना तर्जनी वर करतं आणि अंगठा सगळ्यांत शेवटी येतो. मी 'एक' म्हटलं की अंगठा आपोआप करंगळीच्या खालच्या पेरावर जातो. तिथून पेरंपेरं चढत मी निघते. पाचव्या भुताला मी अजून अनामिकेच्याच मधल्या पेरावर असते, आणि समोर बारा मुलं पूर्ण पंजा पसरून माझी वाट बघत असतात.

त्यात ती अनामिका. मधलं बोट मिटलेलं असताना तिला एकटीला उभं करून बघा. नाही होत. हाताच्या मागच्या बाजूने तिच्या स्नायूंच्या दोऱ्या शेजारणींशी बांधलेल्या असतात. एकत्र कुटुंबातल्या सुनेसारखी गत, दोघींना विचारल्याशिवाय उठायची सोय नाही. माझ्या पेरांना आता गाठी आल्यात, त्यामुळे माझं चौथं भूत कायम कुबड काढूनच येतं. एका मुलाने ते फार बारकाईने पाहिलं आणि तोही कुबड काढून गायला लागला.

भुतांविषयी माझं आणि अभ्यासक्रमाचं जमत नाही, तो भाग वेगळाच. इथलं भूत म्हणजे धुतलेली चादर. हसतं, 'बू' म्हणतं, जातं. मी पिंपळावरच्या मुंजाच्या धाकात वाढले. एकदा ओघात सांगून बसले, की आमच्याकडे भुतांचे पाय उलटे असतात. शांतता. मग बारा जणांनी एकदम खाली वाकून आपापले पाय तपासले. दुसऱ्या दिवशी निम्मा वर्ग चुकीच्या पायात बूट घालून आला. तसा तो रोजच येतो, पण त्या दिवशी प्रत्येकाकडे कारण होतं.

बोटांच्या भानगडीवर आमच्या मुख्य टीचरने तोडगा काढला: करड्या फेल्टचा हातमोजा. प्रत्येक बोटाच्या टोकाला वेल्क्रो, त्यावर एकेक पांढरं भूत. मोजायचं काही नाही. मुलं येतील, हवं ते भूत उपटून नेतील. मी फक्त हात वर धरायचा.

आणि आला ३१ ऑक्टोबर, हॅलोविनचा दिवस. सकाळी वेशभूषेची मिरवणूक. मग पालक भिंतीला टेकून उभे, हातात फोन, समोर गालिच्यावर राजकन्या, अग्निशामक आणि तीन-तीन स्पायडरमॅन. (कडक गोळ्या घशात अडकतात म्हणून आमच्याकडे बंदी. भोपळ्याच्या बादलीत फक्त स्टिकर. मुलांच्या चेहऱ्यावर त्याबद्दलचं मत स्पष्ट दिसत होतं.) गाणं सुरू व्हायला आणि डायनासोरला शू लागायला एकच गाठ पडली. त्या पोशाखाची चेन पाठीमागे असल्यामुळे मुख्य टीचर त्याच्याबरोबर गेली. उरले मी.

पहिल्या स्पायडरमॅनने अंगठा नेला, राजकन्येने करंगळी. दोन भुतांवरून दोन स्पायडरमॅन भांडले आणि त्यात तर्जनी-अनामिका एकदमच रिकाम्या झाल्या. गेलेल्या भुताचं बोट मिटायचं, हा नियम. मी इमानदारीत चारही बोटं मिटली.

"एकच उरलं!" मी हात उंच केला. "सगळ्यांनी दाखवा बघू आपापलं एक भूत!"

मुलं शहाणी. सकाळच्या गाण्याला कधी इतकी एकजूट नव्हती. अकरा इवले हात वर गेले आणि अकरा मधली बोटं आईबापांच्या दिशेने ताठ उभी राहिली. तेवढ्यात वेल्क्रो सुटून माझंही भूत खाली पडलं. आता तर निखळ बोटच.

इथे मधलं बोट एकटं दाखवणं म्हणजे काय, हे मला माहीत आहे. हायवेवर मला स्वतःला ते दोनदा दाखवलं गेलंय. पण त्या क्षणी मी कलेत बुडालेली. पालक स्तब्ध झाले, त्यांचे डोळे पाणावले, तेव्हा मला वाटलं, भावुक झाले असतील. एक आजोबा भिंतीकडे तोंड करून हलत होते. एका वडिलांनी खाली घेतलेला फोन पुन्हा वर केला.

वाचवलं मुख्य टीचरने. डायनासोरला काखेत घेऊन ती दारात आली, एक नजर टाकली आणि कसलीही आरडाओरड न करता कोळ्याचं गाणं सुरू केलं. त्यात अंगठा समोरच्या तर्जनीला लावून हात आळीपाळीने वर चढवावे लागतात, दुसऱ्या कुठल्याही बोटाला सवड मिळत नाही. अकरा बोटं क्षणात गायब. बँकेत इतका शांत डोक्याचा एकही मॅनेजर मी पाहिला नाही.

संध्याकाळी संचालिकाबाईंनी बोलावलं. गंभीर चेहरा करायचा त्यांनी तीनदा प्रयत्न केला. शेवटी एवढंच म्हणाल्या, "पुढच्या वर्षी मधलं भूत आधी उडवा." घरी पोचेपर्यंत तो व्हिडिओ माझ्या आधी पोचलेला होता. मुलगा म्हणाला, "आई, बाबांना दाखवू नकोस." बाबांनी तो मिरजेच्या ग्रुपवर टाकलासुद्धा होता.

सुट्टीनंतर झोपेच्या वेळी तो कुबड्या भुताचा चाहता माझ्याकडे सरकला. मी पेरांवर मोजते हे त्याने कधी हेरलं कोण जाणे. करंगळीच्या खालच्या पेरावर अंगठा ठेवून तो निघाला, आणि तर्जनीच्या टोकाशी पोचून डोळे मोठे करून कुजबुजला, "मिस काकू, माझ्या एका हातावर बारा मावतात! मग तू पाचच का आणलीस?"

मला उत्तर सुचेना. पण तोवर तक्ता बदलला होता. नोव्हेंबर म्हणजे थँक्सगिव्हिंगचा सण आणि त्याचा टर्की पक्षी: कागदावर पंजा ठेवायचा, कडेने पेन्सिल फिरवायची, अंगठा म्हणजे डोकं आणि चार बोटं म्हणजे पिसारा. तपकिरी रंगाचे डबे उघडले. मी निळा आणि हिरवा घेतला, बोटांच्या टोकांना डोळे काढले, अंगठ्यावर तुरा.

"ही टर्की आहे?" त्याने विचारलं.

"हो," मी म्हटलं, "मिरजेकडची."