भिंतीत सुया टोचल्या, आकडा आला, पण कशाचा?

पाऊस सुरू झाला की कोकणातल्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. सारांश असा: गवंड्याच्या अंदाजावर जाऊ नका, दोन सुयांचं मॉइश्चर मीटर मागवा आणि भिंतीत टोचा. १५ च्या वर आलं तर भिंतीत तेवढे टक्के पाणी आहे, कुठूनतरी गळतंय, वॉटरप्रूफिंग करा. खाली आलं तर बिनधास्त रंग लावा. लाकूड, चिरा (जांभा दगड), सिमेंट, सगळ्याला चालतं.

मीटर मागवा, एवढं मान्य. पुढचं बघू.

'तेवढे टक्के पाणी.' हे यंत्र पाणी मोजतच नाही. सुयांमधून बारीक करंट सोडून विरोध किती होतो ते बघतं. ओल वाढली की विरोध घटतो. त्या विरोधाचे टक्के करणारं कोष्टक मात्र सहसा लाकडाचं असतं. गिलाव्यावर १८ दिसले, तर एवढाच विरोध लाकडात १८ टक्क्यांना मिळाला असता, इतकंच कळलं. लाकूड १२ टक्क्यांना सुकं धरतात. जिप्समच्या प्लास्टरमध्ये एखादा टक्का पाणीही पुष्कळ झालं.

'वर आलं म्हणजे गळतंय.' इथे मीठ आडवं येतं. नीट न धुतलेली खाडीची वाळू, वाऱ्याबरोबर येणारा खारा तुषार, जोत्यातून वर चढलेले क्षार, असं बरंच काही आपल्या भिंतींत असतं. क्षार विरघळलेलं पाणी वीज फार सहज वाहून नेतं, त्यामुळे जरा ओल असली तरी आकडा उडी मारतो. त्यात हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की मीठ स्वतःच हवेतलं पाणी ओढतं. बरणीतलं खडेमीठ जूनमध्ये पाझरतं, तेच गिलाव्यात होतं. हर्णै असो की मालवण, जुलैत हवा बहुतेक वेळ त्या रेषेच्या वरच असते. अशा लोणा लागलेल्या भिंतीला गळतीचा थेंबही न लागता मीटर 'ओली' ठरवतं. वॉटरप्रूफिंगवर पैसे घालूनही पुढच्या आषाढात आकडा तोच!

याची खात्री करता येते. भिंत कमी वेगात ड्रिल करून चुरा काढा, लगेच हवाबंद डबीत भरा आणि सोनाराकडे असतो तसल्या काट्यावर वजन करा. १०५ अंशांवर सुकवून पुन्हा तोला (जिप्सम असेल तर ४०-४५ अंशच, नाहीतर त्याचं अंगचं पाणीही जातं). मग तोच चुरा पावसाळी हवेत उघडा ठेवा. गेलेलं वजन बहुतेक परत आलं, तर दोषी मीठ. जेमतेम आलं, तर पाणी खरंच कुठूनतरी येतंय.

'खाली आलं तर रंग लावा.' कडक गिलाव्यात सुई शिरत नाही, नुसती टेकते. दोन दिवस पंखा लावला की वरचा थर सुकतो, आतला चिरा ओलाच राहतो. आतलं बघायचं तर दोन भोकं पाडून, टोक सोडून बाकी इन्सुलेशन असलेल्या लांब सुया लागतात. आणि कॉलम-भिंतीच्या सांध्यावर गिलाव्याखाली कोंबडीजाळी असते. सुया तिला लागल्या की काटा थेट टोकाला.

'सगळ्याला चालतं.' लाकडाला चालतं, तेही जात आणि तापमान यांची दुरुस्ती करून. पण १५ ची रेघ इथे निरुपयोगी आहे. पावसाळ्यात आपल्याकडे छपराखालचा न भिजलेला वासाही १६-१८ दाखवतो. सतत २० च्या वर राहिला तर बुरशीची काळजी करा. ३० च्या पुढचे आकडे भरवशाचे नाहीत.

भिंतीवर मीटर वापरायचं ते तुलनेसाठी. खडूने चौकटी आखून प्रत्येकीत टोचा. जोत्यापाशी जास्त आणि वर जाता कमी, तर ओल (किंवा तिने आणलेले क्षार) जमिनीतून. एकाच ठिकाणाभोवती जास्त, तर पाइप किंवा पन्हळ तपासा.

वॉटरप्रूफिंगवाला नुसत्या सुया टोचून कोटेशन देत असेल, तर तेच मीटर माजघराच्या कोरड्या भिंतीवरही टोचायला सांगा आणि दोन्ही आकडे कोटेशनवर लिहून घ्या.