‘आजकालची मुलं पैशासाठीच डॉक्टर होतात’: त्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

नीटचा निकाल लागला की दरवर्षी तो मेसेज फिरायला लागतो. आमच्या पाचपाखाडीच्या सोसायटीच्या ग्रुपवरही आला. खाली जोडलेले हात, ‘अगदी खरं’, ‘कटू सत्य’. मजकूर थोडक्यात असा: पूर्वी लोक सेवेसाठी डॉक्टर व्हायचे, आता पैशासाठी होतात. निम्म्या पोरांना तर आईबापच ढकलतात. कोटभर रुपये ओतून झालेला डॉक्टर ते पेशंटच्या खिशातून वसूल करणारच. मुली सीट अडवतात आणि लग्न करून घरी बसतात. उरलेले परदेशी पळतात. तेव्हा मुलाखत घेऊन सेवाभाव तपासा आणि मगच अॅडमिशन द्या.

मी ठाण्यात अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवते. ज्यांच्याबद्दल हे लिहिलंय ती पोरं सतरा-अठरा वर्षांची असताना माझ्या वर्गात बसलेली असतात. त्यामुळे नुसता अंगठा दाखवून पुढे जाववत नाही.

‘पूर्वी सेवा होती, आता पैसा.’

पूर्वी म्हणजे कधी, ते मेसेजमध्ये कुठेच नाही. महाराष्ट्रात विनाअनुदानित कॉलेजांचं धोरण आलं १९८३ साली, वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना. म्हणजे मेडिकलचं डोनेशन ही गोष्ट आपल्या घरांत चाळीस वर्षं बोलली जातेय. या डोनेशनचा, म्हणजे कॅपिटेशन फीचा, वाद मोहिनी जैन खटल्यात सुप्रीम कोर्टात गाजला तो १९९२ साली. डॉक्टरांनाही ग्राहक कायदा लागू होतो, हा निकाल १९९५ चा. सगळे पेशंट पूर्वी समाधानी असते तर तिथवर वेळच आली नसती. आणि साठ-सत्तरच्या दशकांत मुंबईच्या कॉलेजांतून पास होऊन इंग्लंड-अमेरिकेला गेलेले डॉक्टर आठवा. आज ते ‘पूर्वीच्या पिढीतले’ म्हणूनच ओळखले जातात की!

आपण एक लबाडी नकळत करतो. काल म्हटलं की आपल्याला हेमलकशाचे आमटे आठवतात, १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ ही आरोग्यसंस्था उभी करणारे बंग पती-पत्नी आठवतात. आज म्हटलं की आठवतं कोपऱ्यावरच्या हॉस्पिटलचं गेल्या महिन्यातलं बिल. कालच्यांतले निवडक आणि आजच्यांतले सरसकट असे समोरासमोर ठेवले की निकाल आधीच ठरलेला. आमटे-बंगांच्या वर्गातल्या बाकीच्यांनीही दवाखाने थाटले, फ्लॅट घेतले, मुलं शिकवली. त्यात वावगं काही नाही, पण मग तुलना तरी त्यांच्याशी करा.

आता आजच्या मुलांकडे येऊ. ‘डॉक्टर का व्हायचंय?’ असं विचारलं की पहिलं उत्तर पाठ केलेलंच येतं, ‘समाजसेवा करायचीय मॅडम’. ते मी सोडून देते. प्रॅक्टिकलला बेडूक-झुरळांच्या आकृत्या काढताना, नाहीतर मधल्या सुट्टीत, जे येतं ते खरं. एकीची आई डायलिसिसवर असते. एकाने कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात आजोबांच्या खाटेखाली चटई टाकून रात्री काढलेल्या असतात. राउंडला आलेल्या निवासी, म्हणजे तिथेच एमडी-एमएस करणाऱ्या, डॉक्टरने दोन वाक्यं नीट समजावून सांगितली, तेवढ्यावर त्याचं ठरलं. एखाद्याला पेशीविभाजन मनापासून आवडतं. बऱ्याच जणांना गणित नको असतं. हे शेवटचं कारण कुठल्याच सर्वेक्षणात कुणी लिहून देणार नाही, पण ग्रुप बी, म्हणजे गणित सोडून बायोलॉजी, घेणाऱ्यांच्या वर्गात उभं राहिलं की ते चेहऱ्यांवर वाचता येतं.

आणि पैसा? आहे ना. पण तो मेसेजवाल्यांना वाटतो तसा नाही. वागळे इस्टेट आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातले किती कारखाने बंद पडले आणि तिथे आयटी पार्क नाहीतर टॉवर उभे राहिले, हे ठाण्याच्या माणसाला सांगायला नको. त्या कामगारांची नातवंडं आज माझ्या वर्गात आहेत. घरातल्या कर्त्या माणसाला पन्नाशीत घरी बसलेलं त्यांनी ऐकलंय, काहींनी पाहिलंय. एका मुलाने मला सरळ विचारलं होतं, ‘डॉक्टरला कुणी काढून टाकत नाही ना, मॅडम?’ याला लोभ म्हणायचं असेल तर म्हणा. मला ती भीती वाटते, आणि रास्त वाटते. जो मुलगा सुरक्षितता शोधतोय, तोच आजोबांच्या खाटेजवळचा डॉक्टरही व्हायला बघतोय. दोन्ही कारणं एकाच पोराच्या डोक्यात नांदतात, एकमेकांना हाकलून देत नाहीत.

‘आईबाप ढकलतात.’

काही ढकलतात. नौपाड्यातल्या क्लासच्या जिन्यात दोन लाखांचा चेक खिशात घेऊन उभा असलेला बाप आणि त्याच्यामागे मोबाईलमध्ये तोंड खुपसलेला मुलगा हे दृश्य मी नाकारणार नाही. अशा पालकांना मी बारावीच्या सुट्टीतच सांगते, याला पुन्हा नीटसाठी वर्षाचा ड्रॉप घ्यायला लावू नका, याचं मन दुसरीकडे आहे. ऐकतातच असं नाही. २०२४ साली नीटला सुमारे २४ लाख मुलांनी नावं नोंदवली आणि एमबीबीएसच्या जागा होत्या एक लाख दहा हजारांच्या आसपास. नुसत्या ढकलण्यावर या गर्दीतून पार होणं अवघडच.

पण ‘ढकललेला’ म्हणजे ‘नालायक’ हे समीकरण चुकीचं आहे. मुंबईत वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या रश्मी कुसुरकर पुढे नेदरलँड्समध्ये गेल्या आणि मेडिकलच्या विद्यार्थ्यांची प्रेरणा हाच त्यांच्या संशोधनाचा विषय झाला. त्यांचं काम डेसी आणि रायन या मानसशास्त्रज्ञांच्या सिद्धांतावर उभं आहे. प्रेरणा किती आहे यापेक्षा ती कुठल्या जातीची आहे हे तो सिद्धांत बघतो. दुसऱ्याच्या दबावाने किंवा बक्षिसासाठी करणं एका टोकाला, स्वतःला पटलं-आवडलं म्हणून करणं दुसऱ्या टोकाला. ज्यांची प्रेरणा आतून असते, ती मुलं विषय समजून घेत अभ्यास करतात आणि त्यांची कामगिरीही चांगली होते, असं कुसुरकरांना दिसलं. मात्र या दोन टोकांमध्ये भिंत नाही. बाहेरून आलेलं कारण हळूहळू आपलंसं होऊ शकतं आणि आतली ओढ वाईट वातावरणात सुकूही शकते.

यावर इथलंच उदाहरण देते. आनंदीबाई जोशी, जन्म १८६५, कल्याणचा. तेव्हाही ठाणे जिल्हा, आताही ठाणे जिल्हा. त्यांना शिकायला लावलं नवऱ्याने, आणि गोपाळरावांचं लावणं किती कठोर होतं हे चरित्रांत नोंदलेलं आहे. चौदाव्या वर्षी झालेलं मूल दहा दिवसांत गेलं. त्यानंतर १८८३ साली बंगालमधल्या श्रीरामपूरच्या भाषणात, अमेरिकेला निघण्याआधी, हिंदुस्थानात स्त्री डॉक्टरांची गरज आहे आणि त्यासाठी मी पुढे येते, असं त्या स्वतः ठामपणे मांडतात. नवऱ्याचा हट्ट, बाळाचं दुःख आणि स्वतःचा निश्चय यांतलं कुठलं कारण ‘खरं’ मानायचं? मेसेजच्या कसोटीवर तर त्या पहिल्याच चाळणीत गळाल्या असत्या.

‘कोटभर घातले, वसूल करणारच.’

यात तथ्याचा अंश आहे, म्हणून जरा सविस्तर. देशातल्या एमबीबीएसच्या निम्म्याहून किंचित जास्त जागा सरकारी कॉलेजांत आहेत. ठाण्याचं राजीव गांधी मेडिकल कॉलेज महापालिकेचं आहे. तिथल्या मुलाने कोटभर रुपये कधी पाहिलेलेच नसतात. उलट राज्यातल्या सरकारी आणि पालिका कॉलेजांतून बाहेर पडताना वर्षभराची बंधपत्रित सरकारी सेवा त्याच्या मानगुटीवर असते. नेरूळ-कामोठ्याकडे खासगी अभिमत विद्यापीठं आहेत, तिथे वार्षिक फी वीस लाखांच्या पुढे जाते, आणि तिथे कोट हा आकडा खरा ठरतो.

पण ती फी मुलाने ठरवलेली नाही. आपण ज्याला कारण म्हणतोय ते मुळात किंमत आहे, आणि प्रवेश घेतानाच ती मोजावी लागते. कर्जाचा बोजा डॉक्टरच्या वागण्यावर परिणाम करत असेल का? करत असणार, माझी त्यावर हरकत नाही. मग मेसेज फी ठरवणाऱ्यांच्या नावे लिहा, सरकारी जागा वाढवा म्हणून लिहा. सतरा वर्षांच्या पोराच्या मनात दडलेला हिशेब म्हणून का लिहिता?

शिवाय नुसता पैसाच हवा असलेल्या हुशार मुलाला हा रस्ता परवडत नाही. साडेचार वर्षं एमबीबीएस, एक वर्ष इंटर्नशिप, तीन वर्षं एमडी किंवा एमएस, सुपरस्पेशालिटी करायची तर आणखी तीन. साडेअकरा झाली. बंधपत्र आणि मधले रिपीट धरले की तिशी उलटते. इंटर्नला सरकारी कॉलेजात महिन्याला मिळतं ते वीस हजारांच्या आतलं विद्यावेतन. त्याच्याबरोबर बारावी झालेला, ऐरोलीच्या आयटी कंपनीत लागलेला मित्र तोवर घराचे हप्ते भरत असतो. आणि घोडबंदर रोडवरच्या मोठ्या हॉस्पिटलात रात्रपाळी करणारा पगारी डॉक्टर, म्हणजे आरएमओ, बिल ठरवत नसतो. पॅकेज कुठे ठरतं ते मेसेज पाठवणाऱ्या काकांनाही ठाऊक आहे, कारण त्यांनी त्याच हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरवर घासाघीस केलेली असते.

‘मुली सीट अडवतात.’

या ओळीचा मला सगळ्यात जास्त राग येतो. २०२४ च्या त्या २४ लाखांत १३ लाखांहून अधिक मुली होत्या. त्या परीक्षेला बसून येतायत. यातल्या काही पुढे प्रॅक्टिस सोडतात, हे मी पाहिलंय. प्रश्न आहे कशामुळे.

केंद्राच्या १९९२ च्या निवासी डॉक्टरांच्या योजनेत आठवड्याला ४८ तास आणि एका वेळी सलग १२ तासांहून जास्त ड्युटी सहसा नको, असं लिहून ठेवलंय. आज कुठल्याही निवासी डॉक्टरला ते वाक्य वाचून दाखवा, ती हसेल. तिचं लग्नाचं वय, मूल होण्याचं वय आणि रेसिडेन्सी ही तिन्ही एकाच पाच-सहा वर्षांत येतात. पाळणाघर नाही, ड्युटी रूमला नीट कडी नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात निवासी डॉक्टर तरुणीची हत्या झाली, तेव्हा आपल्याकडच्या मार्ड या निवासी डॉक्टरांच्या संघटनेनेही काम बंद केलं. त्यांच्या मागण्या काय होत्या? कॅमेरे, सुरक्षारक्षक, उजेड, विश्रांतीची जागा.

एवढं करून ती टिकली, की स्थळं बघताना सासरकडून विचारलं जातं, ‘नाइट ड्युटी किती दिवस?’ मग सीट अडवली कुणी? आणि आयआयटीतून बाहेर पडून बँकेत बसलेल्या मुलाने सीट वाया घालवली, असं या ग्रुपवर मी अजून वाचलेलं नाही. त्याच्या घरी पेढे वाटतात.

‘परदेशी पळतात.’

काही जातात. पण इथे जागा मिळाली नाही किंवा खासगीची फी झेपली नाही म्हणून शिकायलाच बाहेर गेलेल्यांची रांग विसरू नका. २०२२ साली युक्रेनमधून हजारो मेडिकलची मुलं परत आणावी लागली, तेव्हा ती तिथे का गेली होती हे सगळ्या देशाला कळलं होतं. विसरायला दोन वर्षंही लागली नाहीत.

‘मुलाखत घेऊन सेवाभाव तपासा.’

ऐकायला छान. पुण्याच्या एएफएमसी या लष्करी मेडिकल कॉलेजात नीटनंतर मुलाखत होते, पण तिथे सैन्यातला अधिकारी निवडायचा असतो. सरसकट सगळीकडे मुलाखत ठेवली तर काय होईल? हिरानंदानी इस्टेटसारख्या श्रीमंत वस्तीतली मुलगी फाडफाड इंग्रजीत सांगेल, सुट्टीत एनजीओत काम केलं, हे सर्टिफिकेट. दिवा स्टेशनकडच्या चाळीतला मुलगा, जो रोज आजीला इन्सुलिन टोचतो, तो ‘मला डॉक्टर व्हायचंय’ म्हणून गप्प बसेल. आणि पुढच्याच जूनमध्ये नौपाड्यात ‘सेवाभाव क्रॅश कोर्स’चा बोर्ड लागेल, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

असा प्रयत्न आपल्याच राज्यात झालेला आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेची स्वतःची प्रवेश परीक्षा होती, तेव्हा तिच्यात गांधीविचारांचा वेगळा पेपर असायचा. नीट आली आणि तो गेला. हळहळ वाटते हे मान्य, पण गांधीविचारही मार्कांसाठी पाठ करता येतात. सेवाग्रामचं वेगळेपण मला त्या पेपरपेक्षा आत गेल्यावर जे होतं त्यात वाटतं: सुरुवातीलाच पंधरा दिवस आश्रमात राहणं, मग प्रत्येक बॅचने गाव दत्तक घेणं, तिथल्या घरांत वर्षानुवर्षं जात राहणं.

२००९ साली फिलाडेल्फियाच्या जेफरसन मेडिकल कॉलेजातल्या होजत आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिली दोन वर्षं विद्यार्थ्यांची सहवेदना टिकून राहते आणि तिसऱ्या वर्षी घसरते, असं त्यांना आढळलं. तिसरं वर्ष म्हणजे तिथे वॉर्ड सुरू होण्याचं वर्ष, पेशंट प्रत्यक्ष भेटायला लागतात ते. त्या निष्कर्षावर नंतर वाद झाले, तरी आपल्याकडे कुठल्याही इंटर्नशी अर्धा तास बोललं तर तो ओळखीचा वाटतो. दारावर तपासणी करून हे कसं पकडणार? दारातून तर विद्यार्थी चांगलाच आत गेला होता.

आपल्याकडे एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात २०१९ पासून वृत्ती, नीती आणि संवाद यांचा भाग आलाय, त्यानंतर कुटुंब दत्तक योजनाही आली. विद्यार्थ्याने काही कुटुंबं घ्यायची आणि कॉलेजची वर्षं त्यांच्या आरोग्याकडे लक्ष ठेवायचं, अशी ती कल्पना. काही ठिकाणी मुलं खरंच त्या घरांत जातात, बीपी बघतात, आजीच्या गोळ्या संपल्या का ते विचारतात. काही ठिकाणी एक ग्रुप फोटो निघतो आणि लॉगबुकावर सह्या होतात. नेरूळला असो, कामोठ्याला असो की कळव्याला, यातलं काय चालतं हे जाऊन विचारता येतं. सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज टाकणाऱ्यांपैकी निम्म्यांची मुलं, भाचे, पुतण्या याच कॉलेजांत आहेत. विचारायला फोन करावा लागेल, एवढंच.