खुलासा: आयओडेप्थ २५६ वाला मेसेज
जळगाव-धुळ्याच्या सर्व्हरवाल्या ग्रुपांवर ‘फिओत आयओडेप्थ २५६ ठेवा, डिस्कचा खरा वेग दिसतो’ असं फिरतंय. फिओ म्हणजे डिस्कचा वेग मोजायचं साधन; आयओडेप्थ म्हणजे एका वेळी किती रिक्वेस्ट सोडून ठेवायच्या तो आकडा. मूळ मेसेज माझाच, आणि चुकीचा. साटा जोडणीच्या डिस्कची रांग ३२ रिक्वेस्टची. पुढच्या रिक्वेस्ट नुसत्या ताटकळतात, सावद्याला वजनकाट्यावर केळीच्या गाड्या थांबतात तशा. लिटलच्या नियमाने (लागणारा वेळ = सोडलेल्या रिक्वेस्ट भागिले वेग) हिशेब: १०,००० आयओपीएसला (सेकंदाला पुऱ्या होणाऱ्या रिक्वेस्ट) ३२ रिक्वेस्ट म्हणजे ३.२ मिलिसेकंद, आयओपीएस तेवढेच राहिले तर २५६ला २५.६. त्यात माझ्या जॉब फाइलीत (फिओच्या सेटिंगची फाइल) इंजिन पीसिंक, म्हणजे एक रिक्वेस्ट पुरी झाल्यावरच दुसरी! तिथे आयओडेप्थ १च्या वर जातच नाही; रिपोर्टात ‘आयओ डेप्थ्स’समोर १=१००% छापलेलं होतं, मीच पाहिलं नाही. लिबएआयओ (एकदम अनेक रिक्वेस्ट सोडणारं इंजिन) आणि डायरेक्ट=१ (मधली कॅशे टाळणारं सेटिंग) घ्या, आयओडेप्थ १पासून दुप्पट करत जा, आयओपीएस वाढायचे थांबले की थांबा. जुना मेसेज पुढे पाठवू नका, भाऊ.