बुद्धमूर्ती सिकंदराने आणली?

सध्या एक मजकूर सगळीकडे फिरतोय. भारतात माणसाच्या रूपातली मूर्ती घडवायला सिकंदराच्या ग्रीकांनी शिकवलं, गांधारातला, म्हणजे आजच्या पेशावरच्या आसपासचा, बुद्ध म्हणजे वेष बदललेला ग्रीक देव अपोलो, आणि व्यापारी रस्त्यांवरून कला पश्चिमेकडून पूर्वेकडेच आली, असं त्यात ठासून सांगितलंय. सोबत कुरळ्या केसांच्या बुद्धाचा फोटो असतो, म्हणून ते पटकन पटतं. पण ज्या पाथरवटांच्या हातांनी या मूर्ती घडल्या त्यांचं श्रेयच यात काढून घेतलंय, आणि ते मला सहन होत नाही.

सिकंदराचं आधी बघू. तो सिंधू ओलांडून आला इ.स.पू. 326 मध्ये आणि पुढच्याच वर्षी भारत सोडून गेला. गांधारातल्या बहुतेक बुद्धमूर्ती इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकातल्या. मध्ये चारशे वर्षं गेली. बॅक्ट्रियाच्या, म्हणजे आजच्या उत्तर अफगाणिस्तानाच्या बाजूच्या, ग्रीक राजांनी मधल्या काळात देखणी नाणी पाडली हे खरं, पण त्यांच्या भरभराटीच्या दिवसांतली म्हणून खात्रीने सांगता येईल अशी बुद्धमूर्ती नाही.

मूर्तिकला येत नव्हती म्हणणाऱ्यांनी मथुरेच्या संग्रहालयात जाऊन परखमचा यक्ष बघावा. अडीच मीटरच्या वर उंच, पोट सुटलेलं, पाय घट्ट रोवलेले; इसवी सनाच्या पहिल्या शतकात राज्यावर आलेल्या कुषाण घराण्याच्या कितीतरी आधीचा. सांची-भरहुतच्या स्तूपांवर बुद्धाच्या जागी बोधिवृक्ष, पावलं किंवा रिकामं आसन आहे, पण त्याच दगडांवर यक्ष, राजे, बायका, मुलं दाटीवाटीने कोरलेली आहेत. म्हणजे माणूस कोरता येत होता. बुद्ध कोरायचा नाही, ही त्यांची निवड होती.

ती निवड बदलली तेव्हा काय घडलं, हे सारनाथला दिसतं. कुषाण राजा कनिष्काच्या कारकिर्दीच्या तिसऱ्या वर्षी बल नावाच्या भिक्षूने तिथे एक भव्य मूर्ती बसवली. तिच्यावर कोरलेल्या लेखात तिला बोधिसत्त्व, म्हणजे बुद्ध होण्याच्या वाटेवरचा, म्हटलंय. दगड मथुरेकडचा, लाल वालुकाश्म. रुंद छाती, उजवा खांदा उघडा, डावी मूठ कमरेवर, वस्त्र अंगाला चिकटलेलं, दोन्ही पायांच्या मध्ये सिंह. वर स्वतंत्र कोरलेलं प्रचंड दगडी छत्र होतं. हिच्यात अपोलो शोधून सापडत नाही. ही सरळ यक्षांच्या घराण्यातली आहे. गांधार आणि मथुरा साधारण एकाच काळात, आपापल्या परीने बुद्धाला रूप देत होते.

गांधारावर पश्चिमेची छाप आहे, आणि ती नाकारणारेही तितकेच चुकतात. तिथल्या एका शिल्पात बुद्धाचा रक्षक वज्रपाणी ग्रीक वीर हेराक्लिससारखा सिंहाचं कातडं डोक्यावरून घेऊन उभा आहे, पुढच्या पंजांची छातीवर गाठ मारलेली. हातात मात्र वज्र. घेतलं ते आपल्या कथेत बसवून घेतलं. शिवाय या छापेतलं बरंचसं रोमन काळातलं, चालू व्यापारातून आलेलं आहे. सिकंदराच्या स्वारीशी त्याचा थेट संबंध नाही.

एकाच दिशेच्या वाहतुकीचं म्हणणं तर पुराव्यापुढे टिकतच नाही. काबूलच्या उत्तरेला बेग्राममध्ये 1937 आणि 1939 साली उत्खननात भिंत घालून बंद केलेल्या दोन खोल्या सापडल्या. आत रोमन इजिप्तची रंगीत काच, चीनची लाखकामाची भांडी आणि भारतीय हस्तिदंत. आसनांवर जडवलेल्या त्या हस्तिदंती पट्ट्यांवर तोरणाखाली उभ्या स्त्रिया आहेत, थेट मथुरा-सांचीच्या वळणाच्या. इटलीत पॉम्पेई इ.स. 79 मध्ये राखेखाली गेलं, तिथेही भारतीय हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती निघाली. तिच्याशी मिळतीजुळती मूर्ती आपल्या जालना जिल्ह्यात, भोकरदनला सापडली आहे. उज्जैनहून पैठणला जाणाऱ्या जुन्या वाटेवरचं हे गाव.

आणि ग्रीक स्वतः? तक्षशिलेहून राजदूत म्हणून आलेल्या हेलिओदोराने इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस विदिशेजवळ वासुदेवाचा गरुडस्तंभ उभारला, त्यावर ब्राह्मी लिपीत, प्राकृतात लेख कोरून, स्वतःला भागवत, म्हणजे वासुदेवाचा भक्त, म्हणवून. कार्ल्याच्या चैत्यगृहातही धेनुकाकट नावाच्या गावच्या यवनांनी (त्या काळी ग्रीकांना यवन म्हणत) दान दिलेले खांब आहेत. खाली घट, वर गुडघे टेकलेले हत्ती आणि त्यांच्यावर स्वार, अगदी शेजारच्या खांबांसारखेच. दाता यवन आहे, हे लेख वाचल्याशिवाय कळत नाही.