बोअर मारायचीय? बसा भाऊ, सांगतो

बोअर मारायचीय ना? मग आधी शेजाऱ्याच्या वावरात चक्कर मारून या. त्याची 800 फूट असली तर आपली 900. धुरा, म्हणजे बांध, काय तो वरच दिसतो. खालच्या खडकाला सातबारा नसतो.

पाणाड्या बोलवा. तळहातावर नारळ आडवा धरून तो फिरेल, नारळ उभा झाला की तिथंच बोअरची गाडी लावा. भूजल सर्वेक्षणवाल्यांच्या नादी लागू नका, ते उगाच मुरलं किती अन् उपसलं किती विचारत बसतात.

कायद्याचं भ्या वाटते? 2009 चा महाराष्ट्राचा भूजल अधिनियम 60 मीटर अन् त्याहून खोल विहिरीला शेतीसाठी मनाई करतो. म्हणजे जेमतेम 200 फूट! तेवढ्यात आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या वरुड-मोर्शीकडे मातीसुद्धा ओली होत नाही. गाडी रात्री लावा. घरघर तीन गावांना ऐकू जाते, पण ज्यानं ऐकायची त्याची झोप गाढ असते.

साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपाचं बिल 2024 पासून सरकार भरते. तेव्हा मोटारीला ऑटो स्टार्टर लावा अन् निवांत झोपा. लाइन आली की ती आपली सुरू होते, पाणी धुऱ्यावरून नाल्यात गेलं तरी.

शेततळं मात्र अवश्य खोदा. पावसाचं पाणी धरायला नव्हे हो! प्लास्टिक अंथरायचं, बोअरचं पाणी वर आणून भरायचं अन् मे महिन्याच्या उन्हात त्याची वाफ होताना पाहायची. जैसलमेरकडं वर्षाला 200 मिलिमीटरही पाऊस नाही, म्हणून तिथली माणसं अंगणातला थेंब न् थेंब टाक्यात साठवत आली. चिंगूस लेकाचे. आपल्याकडे त्याच्या चौपट पडतो. आपण तो वर्धा नदीला दान करतो.

आता संत्रा. आंबिया बहारासाठी, म्हणजे उन्हाळ्याआधीच्या फुलोऱ्यासाठी, डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडून झाडाला ताण द्यावा लागतो, तेव्हा कुठं फूल येते. त्यानंतरचा ताण फुकट. फळ वाटाण्याएवढं झालं की बोअर स्वतःहून देते. मग टँकर लावायचा. पाणी कुठल्या बोअरचं, ते टँकरवाल्याला विचारू नये, संबंध बिघडतात.

अन् 900 फुटांवर नुसता फुफाटा उडाला तर? खचू नका. आणखी 100 फुटांचे रॉड आहेत का, एवढंच गाडीवाल्याला विचारा. तो नाही म्हणत नाही, फुटावर पैसे घेतो. तेवढ्यात धुऱ्यावर कोणी उभं दिसलं तर दचकू नका. शेजारी आहे, तुमचे रॉड मोजतोय.