पाच चॅनल बघून काय होणार?

बातमी खरी की खोटी हे कसं ओळखायचं यावरचा तुमचा बाकी लेख पटला, पण त्यातला 'एकाच चॅनलवर विसंबू नका, चार-पाच चॅनल बघा' हा सल्ला काही पटला नाही. भारत-पाकिस्तान संघर्षातली ८ मे २०२५ ची रात्र आठवा. आमच्या इंदूरच्या घरी काका रिमोट घेऊन बसलेले आणि ज्या ज्या चॅनलवर जावं तिथे कराची बंदर उडवलं, नौदल घुसलं, मागे सायरन चालूच, म्हणजे काकांचं म्हणणं असं की अरे सगळेच सांगताहेत म्हटल्यावर खोटं कसं असेल! आणि गंमत म्हणजे प्रत्येक चॅनल बदलल्यावर त्यांची खात्री वाढतच गेली.

मग ११ तारखेला नौदलाचे व्हाइस ॲडमिरल प्रमोद यांनी ब्रीफिंगमध्ये काय सांगितलं, तर कराचीसकट ठिकाणांवर मारा करायला नौदल पूर्ण तयारीत होतं. तयारीत होतं! म्हणजे हल्ला झालाच नव्हता. (त्या सायरनचं तर सरकारलाच सांगावं लागलं की बाबांनो कार्यक्रमात वाजवू नका, खरा वाजेल तेव्हा लोक लक्ष देणार नाहीत.) त्यामुळे चॅनल किती बघितले ते सोडा, बातमी कुणाच्या नावावर आहे ते बघा, कारण 'सूत्रों के हवाले से' एवढंच असेल तर पाच जणांनी सांगितलं काय नि पन्नास जणांनी काय, मूळ फॉरवर्ड एकच असू शकतो. परदेशातल्या बातम्यांचंही तेच आहे, बहुतेकांचे स्वतःचे रिपोर्टर तिथे नसतातच, रॉयटर्स नाहीतर एपी या वृत्तसंस्थांचीच फुटेज सगळीकडे, फक्त अँकरचा आवाज वेगळा. लेखात याबद्दल एक ओळ तरी हवी होती.